पालथ्या हातानं

कमलचा फोन आला तेव्हा मी बाहेर ओसरीत पाट टाकून तांदूळ निवडत बसले होते. सकाळी सहा-साडेसहाची वेळ असेल. आत बसले नव्हते, कारण घरात लाइट नव्हती. "आक्का, हे उठंनात वं," ती म्हणाली. "हलवून हलवून दमले मी. अंग गार लागतंय..." कमल म्हणजे भानुदासची बायको. भानुदास माझा मावसभाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, मी कडेवर खेळवलेला. आमच्याच वाडीत चार घरं पलीकडं राहायचा. वायरमन होता. आता मी जे सांगणार आहे ते सांगायला लाज वाटते, पण आडपडदा ठेवून लिहायचं असेल तर मग लिहायचंच कशाला? फोन कानाला होता, कमल पलीकडं रडत होती, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो भानूचा नव्हता. आमच्या घराची किटकॅटं भानूच्या खिशात आहेत, हा होता. किटकॅट म्हणजे मेन बोर्डावरचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज. आमच्याकडं लहानथोर सगळे त्याला किटकॅटच म्हणतात. ते उपसून घेतलं की घराचा करंट तुटतो. आदल्या संध्याकाळी भानूनं आमची दोन्ही किटकॅटं काढून खिशात घातली होती आणि बजावून गेला होता, की मी सांगितल्याशिवाय कुणी काही लावायचं नाही. आता सांगणार कोण, असं माझ्या मनात आलं आणि मग मी तांदूळ तसेच टाकून त्याच्या घराकडं धावले.

वाडीत त्याला सगळे थांब्या म्हणायचे. कुठल्याही बोर्डाजवळ गेला की पहिला शब्द 'थांबा'. मेन बंद करायचा, किटकॅटं उपसायचा, शर्टाच्या खिशात घालायचा आणि खिशाचं बटण लावायचा. मग टेस्टर लावून बघायचा. टेस्टर खोटं बोलू शकतो म्हणून दोन वायरींचा साधा बल्ब लावून बघायचा. एवढं झाल्यावर डावा हात पाठीमागं घ्यायचा आणि उजवा हात पालथा करून, बोटांच्या मागच्या बाजूनं, जिथं काम करायचं तिथं हळूच शिवायचा. आणि पुन्हा म्हणायचा, थांबा. लोक वैतागायचे. "अरं बल्ब बदलायचाय का बाळंतपण करायचंय?" असं माझ्यासमोर कितीजण त्याला बोललेत. तो नुसता हसायचा. सुप्याच्या एमआयडीसीत पंधरा वर्षं मेंटेनन्सला होता. तिथं एकजण मशीनमध्ये हात घालून बसलेला असताना दुसऱ्या पाळीच्या कुणीतरी फ्यूज लावला होता. त्या माणसाला उचलून बाहेर आणणाऱ्यांत भानू होता. तेव्हापासून किटकॅट खिशात. पालथ्या हाताचं कारणही त्यानं मला एकदा सांगितलं होतं. करंट लागला की हात मिटतो. तळहातानं शिवलं तर जे शिवलं तेच माणूस गच्च धरून बसतो. पालथा हात मिटला की आपोआप बाजूला येतो. "भ्यायचंच असंल आक्का, तर कामापुरतं नीट भ्यायचं," असं तो म्हणाला होता, आणि मी त्याला हसले होते. मी कोण हसणार? पस्तीस वर्षं शाळेत मुलांना धाक दाखवला, पण मी जात्याच भित्री. अजूनही पाल दिसली तर यजमानांना हाक मारते.

गोष्ट सुरू झाली होळीनंतर. हे, म्हणजे माझे यजमान, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आता साखर त्यांच्याच रक्तात आहे आणि गुडघे गेलेत, त्यामुळं दिवसभर लोखंडी खाटेवर असतात. उन्हाळा लागला की खाटेला लागून पत्र्याचा कूलर ठेवतो. तर यंदा ते सारखे म्हणायला लागले, "हाताला मुंग्या येत्यात. खाली पाय सोडून खाटंची पट्टी धरली की मुंग्या येत्यात." जामखेडच्या डॉक्टरांना दाखवलं. शुगरनं नसा कमजोर होतात म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही होईना. हे रोज तेच सांगायचे आणि मी रोज तेच उत्तर द्यायचे, गोळी घ्या आणि गप पडा. एकदा तर म्हणाले, "आज मुंग्या न्हाईत, चावा हाय." मी म्हटलं, कामधंदा नाही माणसाला, बसल्या बसल्या नवी दुखणी सुचतात. आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मला त्या मुंग्या कधी कळल्या नाहीत, कारण टाचदुखीमुळं मी घरातसुद्धा रबरी चप्पल घालते. ते अनवाणी. कूलरचं पाणी रोज थोडं सांडायचं आणि त्या ओल्या फरशीवर त्यांचे पाय असायचे.

भानू असाच एके दिवशी संध्याकाळी चक्कर टाकायला आला. यांनी त्याच्यापुढंही मुंग्यांचं पुराण लावलं. मी आतून ओरडले की त्यांचं ऐकू नकोस, चहा घे. पण भानूनं कप खाली ठेवला. "थांबा दाजी," म्हणाला. चप्पल काढली, डावा हात पाठीमागं घेतला आणि उजवा हात पालथा करून खाटेच्या पायाला शिवला. हात असा झटकन मागं आला की मीच दचकले. आधी त्यानं यांना सांगितलं, पाय वर घ्या, गोधडीवर बसा, लोखंडाला हात लावू नका. मग भिंतीवरच्या मेनकडं गेला, खटका पाडला, किटकॅटं उपसली, खिशात घातली, बटण लावलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, ह्यो आजार न्हाई. खाटंला करंट हाय." मी उंबऱ्यावरच बसले. महिनाभर मी या माणसाला करंटवर झोपवत होते आणि वर गोळ्या देत होते. हे मात्र, काय सांगावं, खूश झाले. "मी सांगत हुतो," म्हणाले. "कुनी ऐकतंय का माझं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भानू शोधायला आला. कूलर बाजूला केला, यांची खाट ओसरीत नेली. त्याला वाटलं होतं कूलरचीच एखादी वायर उघडी पडून पत्र्याला टेकली असेल. कूलर पूर्ण खोलून बघितला, तर त्यात काही दोष नाही. म्हणजे करंट भिंतीतल्या सॉकेटातून येत होता. ते बघायचं तर लाइट चालू ठेवून बघावं लागणार होतं. भानू न्हाणीत गेला आणि कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन आला. ते उन्हात नेऊन चांगलं वाळवलं, मला पाटावर उभं केलं आणि ते माझ्या हातात दिलं. "मी चिकटलो तर मला हात लावायचा न्हाई. आरडत बसायचं न्हाई. ह्या लाकडानं माझ्या मनगटावर हानायचं. हाड मोडलं तरी चालंल, पन जोरात." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलव, माझ्याच्यानं होणार नाही. "तूच पायजेस. जो भेत न्हाई त्यो इकडं-तिकडं बघत बसतो. तुझी नजर हालायची न्हाई." खरं होतं ते. तासभर मी त्या पाटावर धोपाटणं उगारून उभी होते आणि त्याच्या हातावरून माझी नजर काढता निघत नव्हती. सॉकेटाच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग असतं, तिथं टेस्टर कधीच लागू नये, एवढं त्यानं मला समजावलं. आणि आमच्या घरात प्रत्येक बोर्डावर वरच्या भोकात टेस्टर लागत होता. कूलरच्या बोर्डावर, फ्रिजच्या, मिक्सरच्या. जिथं जीव वाचायला वायर दिलेली असते तिथंच करंट बसला होता. प्रत्येक वेळी टेस्टर पेटला की भानू कपाळाचा घाम पुसायचा आणि पुढच्या बोर्डाकडं जाण्याआधी जरा वेळ नुसता उभा राहायचा.

मिक्सरच्या बोर्डापाशी त्याला झटका बसला. अगदी क्षणभर. "हां" असा आवाज झाला, खांदा उडाला आणि हात बाजूला आला, पालथा होता म्हणून. मी... मी काही केलं नाही. धोपाटणं वरच्या वर राहिलं. हात हलेचना. तो भिंतीला टेकून उभा राहिला, चेहरा पांढराफटक, आणि मग माझ्याकडं बघून हसला. "आक्का, मारायचं हुतं की." मला रडू फुटलं. तो म्हणाला, जाऊ दे, काय झालं न्हाई. पण तो दोन दिवसांनी गेला, आणि तो झटका माझ्या काळजात घर करून बसला.

त्या दुपारी तो जेवायला थांबला. घास चावता चावता यांना विचारलं, "दाजी, मुंग्या रोज येत्यात का?" हे म्हणाले, "रोज न्हाई. एखादा दिस बरा जातो." मी म्हटलं, टँकर येतो त्या दिवशी यांचा जीव हरखतो, दुसरं काय. उन्हाळ्यात वाडीवर पाण्याचा टँकर येतो, तोही रोज नाही. मास्तरणीची खोड, टँकर आला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब काढते. भानूनं खरकट्या हातानंच कॅलेंडर उतरवलं. "ह्या रविवारी, दाजी?" "लई बरा गेला." "परवा?" "परवा चावा." टिंबाच्या दिवशी बरं आणि टिंब नसलेल्या दिवशी वाईट, असं एकेक जुळत गेलं. मला वाटलं हा आता काहीतरी देवाधर्माचं काढतोय. तो म्हणाला, "टँकर आला की तू काय करतीस?" पाणी भरते, आणखी काय करणार. "आनि?" आणि न्हाणीमागच्या खड्ड्यात दोन बादल्या घालते, मी म्हटलं. घालतेच मी. किती वर्षं झाली. पूर्वी रोज घालायची, आता पाणी नाही म्हणून टँकरच्या दिवशी. लाइटसाठी घालायचं असतं, एवढं मला माहीत होतं. तुळशीला घालावं तसं घालत आले.

भानू ताटावरून उठला. किटकॅटं पुन्हा लावली, स्वयंपाकघरातला बल्ब लावला आणि मला म्हणाला, नुसतं बल्बकडं बघत राहा, कशाला हात लावू नकोस. तो बादली घेऊन मागं गेला. बल्ब मंद होता. महिनाभर सगळं मंदच होतं, आम्ही व्होल्टेजला शिव्या देत होतो. मागून पाण्याचा आवाज आला, आणि तो बल्ब माझ्या डोळ्यांदेखत उजळला. मी ओरडले, "वाढला रे." दुसरी बादली पडली, आणखी वाढला. मग काही आवाजच येईना. मी घाबरून मागं गेले, तर तो खड्ड्याच्या काठावर रिकामी बादली घेऊन उकिडवा बसला होता. "आक्का," तो म्हणाला, "ह्यो खड्डा मीच खांदल्ता."

मग मला आठवलं. बावीस वर्षं झाली. वैशालीची, आमच्या मुलीची, दहावी होती. ऐन परीक्षेच्या तोंडावर वाडीची लाइट बिघडली. खांबावरून करंट यायचा, पण तो परत जायची जी तार असते, न्यूट्रल, तीच तुटलेली, आणि दुरुस्तीला कुणी येईना. मग लोकांनी आपापला जुगाड केला. जमिनीत पाइप ठोकायचा, मीठ-कोळसा घालायचा, पाणी ओतायचं आणि न्यूट्रलचं काम त्या जमिनीकडून करून घ्यायचं. घरोघरी दिवे लागले. आमच्याकडं मात्र कंदील, कारण आमचा वायरमन नुकताच आयटीआय होऊन आला होता आणि नाही म्हणत होता. "आक्का, जमिनीला न्यूट्रल करत न्हाईत. लई वंगाळ असतंय ते." मी त्याला काय काय बोलले. पोरगी कंदिलावर डोळे फोडतेय आणि तू मला पुस्तकातलं सांगतोस? शिकलास कशाला मग? भित्रा कुठला. शेवटचा शब्द मी चारचौघांत बोलले. तो खाली मान घालून गेला आणि तासाभरानं पहार घेऊन आला. खड्डा खांदला, भिंतीतल्या एका बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून दिलं. म्हणाला, "रोज दोन बादल्या पानी घाल. दहावी झाली की मी ह्यो जोड काढून टाकनार." दहावी झाली. खांबावरची तार जोडून मिळाली, सगळं ठीक चाललं. भानूला सुप्याला नोकरी लागली. जोड राहिला. त्या बोर्डावरून नंतर गिलावा झाला, पुढं कपाट आलं. तो विसरला, मीही विसरले. लक्षात राहिल्या त्या फक्त दोन बादल्या.

यंदा खांबावरची ती तार पुन्हा गंजून तुटायला आली होती. परत जायला वाट नाही म्हटल्यावर सगळ्या घराचा करंट त्या जुन्या जोडातून खड्ड्याकडं जात होता. खड्डा ओला असला की जिरायचा. कोरडा असला की अडून बसायचा, आणि अर्थिंगच्या वायरीनं उलटा कूलरच्या पत्र्यावर, तिथून यांच्या खाटेवर यायचा. टँकर आणखी चार दिवस आला नसता तर काय झालं असतं, हे मी भानूला विचारलं. त्यानं उठून किटकॅटं पुन्हा उपसली आणि खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कपाट रिकामं करून सरकवलं. त्यानं छिन्नीनं गिलावा फोडला आणि आत बॅटरी मारली. "बघ," म्हणाला. मी भीत भीत डोकावले. तांबडी वायर, तिच्यावर काळी पट्टी, आणि पट्टीवर पांढरा दोरा गच्च गुंडाळून गाठ मारलेली. "तुझ्याच शिलाईच्या डब्यातला दोरा हाय. तवा मला पट्टी सुटंल म्हून भ्या वाटायचं." तो खाली बसला. मी पाणी दिलं. म्हटलं, भानू, मीच करायला लावलं तुला, तुझा काय दोष? तो म्हणाला, "तू बोललीस आक्का. पन हात माझा हुता." मग छिन्नी पुसता पुसता, "दाजींच्या खाली गोधडी हुती म्हून..." एवढंच बोलला.

दुपारी भानूनं बोलावलेल्या लाइनमननं खांबावरची तार नवी बांधून दिली. पाचच्या सुमारास टँकर आला आणि मी हंडे घेऊन पळाले. परत आले तेव्हा भानू ओसरीत चपला घालत होता. किटकॅटं खिशात, बटण लावलेलं. मी विचारलं, झालं का? "थांब आक्का," म्हणाला. "उद्या उजेडात एकदा सगळं बघतो, मगच लावतो. तवर कुनी काय लावायचं न्हाई." मी हंडा डोक्यावर घेऊन उभी होते, मान अवघडली होती. बरं बाबा, जा, असं काहीतरी म्हटलं. चेहऱ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो कमलचा. डॉक्टर म्हणाले हृदयविकार. झोपेतच गेला. वय चव्वेचाळीस. मी त्या डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, दोन दिवसांमागं झटका बसला होता, त्यानं का? ते म्हणाले, तसं आता सांगता येत नाही, पण हे दुखणं जुनं वाटतंय. कमलनंही तेच सांगितलं, की चार महिने जिना चढताना दम लागायचा, छाती चोळत बसायचा, पण डॉक्टरकडं चल म्हटलं की उद्या, उद्या. करंटला भ्यायचा तसा डॉक्टरलाही भ्यायचा. तिनं मला दोष दिला नाही. पण मला दिवसरात्र तो "हां" ऐकू यायचा, आणि वर राहिलेला माझा हात दिसायचा.

आणि घरात लाइट नव्हती. शेजारून एक वायर आणून यांच्यापुढं प्लास्टिकचा पंखा लावला होता, बाकी अंधार. पुण्याहून वैशाली फोनवर ओरडायची, आई, बाबांना उकाड्यात ठेवलंयस, नवी किटकॅटं आणून लाव, कुठल्याही दुकानात मिळतात. मिळतात, मला माहीत आहे. प्रश्न तो नव्हता. भानूनं तो जोड काढला की नाही, हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी टँकरवर होते आणि तो आत एकटा होता. खांबावरची तार नवी झाली होती, म्हणजे जोड आत असला तरी दिवे लख्ख लागणार, मुंग्या येणार नाहीत, सगळं ठीक दिसणार. आणि पुन्हा कधीतरी, एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात, तार गंजेल. तेव्हा गोधडी असेल नसेल. कपाटामागच्या भोकात मी रोज बॅटरी मारून बघायची. नुसता वायरींचा गुंता दिसायचा. हात घालायची माझी छाती नव्हती. जामखेडहून एक वायरमन बोलावला. तो भोकात न डोकावताच पिशवीतून किटकॅट काढायला लागला. "मावशी, लावून बघू की. काय असंल तर कळंल." त्याला चहा न देता घालवला. हे म्हणाले, "त्याला बघू तरी द्यायचं." मी म्हटलं, भानू सांगेपर्यंत नाही. बोलून गेले आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कमल आली. पदराची गाठ सोडून रुमाल काढला. "अंगोळीच्या टायमाला ह्यांच्या शर्टाच्या खिशात घावलं. मी ठिवून दिल्तं. तुमच्याच घरचं असनार." दोन किटकॅटं होती. आणि त्यांच्याबरोबर वीतभर तांबडी वायर, मधे काळी पट्टी, पट्टीवर पांढरा दोरा. दोन्ही टोकं पक्कडीनं तोडलेली, आतलं तांबं अजून चकचकीत. मी ती वायर हातात धरून बघतच राहिले. कमलला काही कळेना, ती विचारत राहिली, काय झालं आक्का, काय झालं. काढला होता त्यानं. माझ्या डब्यातला दोरा, त्याच्या हातची गाठ, बावीस वर्षांनी काढून खिशात घालून घरी घेऊन गेला होता. काम झालं होतं. तरी एकदा उजेडात बघायचं होतं त्याला.

त्याच दुपारी, उजेडात, मी न्हाणीतलं धोपाटणं आणलं आणि कमलच्या हातात दिलं. मी चिकटले तर मनगटावर मार, मोडलं तरी चालेल, असं सांगितलं. ती घाबरली, नको म्हणाली, आणि मग तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. मी पाटावर चढले. मेनचा खटका खालीच होता, तो दोनदा बघितला. डावा हात पाठीमागं घेतला. एक किटकॅट बसवलं, मग दुसरं. दुसरं बसवताना दोनदा चुकलं. खटका वर केला. स्वयंपाकघरातला बल्ब लागला, कूलर घुमायला लागला. ओसरीतून यांनी विचारलं, "आली का?" मी उत्तर दिलं नाही, कारण मला अजून कूलर बघायचा होता. पाटावरून उतरले, रबरी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पत्र्यासमोर जाऊन उभी राहिले. कमल धोपाटणं घेऊन माझ्या मागं होती. मी हात पालथा केला आणि शिवले. पत्रा गार होता, बाकी काही नाही.

आता यांची खाट पुन्हा आत आहे. ते लोखंडी पट्टी खुशाल धरून बसतात. खड्ड्यात मी अजून पाणी घालते, अर्थिंगला ओल लागतेच असं भानू म्हणाला होता. ती वीतभर वायर मेन बोर्डाशेजारी खिळ्याला टांगली आहे, वैशाली म्हणते काढून टाक, बरं दिसत नाही. आणि रोज संध्याकाळी यांच्याजवळ बसायच्या आधी मी चपला काढते आणि हात पालथा करून खाटेच्या पायाला लावते. हे म्हणतात, "न्हाईत मुंग्या, बस आता." मी लगेच बसत नाही. जरा थांबते. तो थांबायचा तेवढी.